‘बायपास’ नावाची थाप

बायपास हा शब्द आपल्या फार आवडीचा आहे. गावात ट्रॅफिक तुंबलंय? बायपासने जा. काकांच्या हृदयात ब्लॉकेज निघालं? बायपास. ऑफिसातला क्लार्क सही देत नाहीये? त्याला बायपास करून थेट साहेबांना भेट. वाटेत कुणीही आडवं बसलेलं असू दे, बाजूने एक रस्ता असणारच यावर आपली भारी श्रद्धा. त्यामुळे गेल्या ऑगस्टमध्ये एका दुकानाच्या काचेवर ‘फर्मवेअर बायपास करून डेटा रिकव्हरी, गॅरंटीड’ असं लाल अक्षरांत वाचलं, तेव्हा मला त्यात काहीच खटकलं नाही. उलट देव पावला असं वाटलं.

आज ती ओळ आठवली की वाटतं, त्यात ‘डेटा’ हा एकच शब्द खरा होता. तो मात्र आमचाच होता.

झालं असं, की मास कॉमच्या डॉक्युमेंटरी प्रोजेक्टसाठी मी आणि माझा प्रोजेक्ट पार्टनर वारीला गेलो होतो. वारीवर फिल्म म्हटलं की सर आधीच डोळे फिरवतात, म्हणून आम्ही विषय थोडा बाजूचा घेतला होता. दिंड्यांचं सामान वाहणारे ट्रकवाले आणि पाण्याचे टँकरवाले. दिवे घाटात वारकरी चालत असतात तेव्हा हे लोक कुठे असतात, कधी झोपतात, चांदोबाच्या लिंबाला रिंगण चालू असताना पुढच्या मुक्कामाचे तंबू कोण ठोकतं, असं सगळं. दिवसभर शूट करायचं, रात्री कुठल्या तरी ट्रकच्या टपाखाली बसून कार्ड रिकामं करायचं, सकाळी तेच कार्ड परत कॅमेऱ्यात. सगळं फुटेज एका १ टीबीच्या पोर्टेबल हार्ड ड्राइव्हवर. कॉपी एकच. हो, माहितीये. एकच.

ऑगस्टमध्ये एडिट करत असताना माझ्या पायात केबल अडकली आणि चालू ड्राइव्ह टेबलावरून खाली पडला. फूट-दीड फूट उंची असेल. पुन्हा लावला तर दिसला, पण आतून आवाज. टक… टक… टक. फोल्डर उघडायला पाच मिनिटं. मग ‘फॉरमॅट करायचं का?’ अशी खिडकी. पार्टनर म्हणाला, “अगं, काही नाही, रिकव्हरी सॉफ्टवेअर टाकू.” हॉस्टेलच्या एका सीनियरने क्रॅक केलेलं एक सॉफ्टवेअर दिलं. ‘डीप स्कॅन’ लावून आम्ही झोपलो. सकाळी उठून बघतो तर स्कॅन तीन टक्क्यांवर, आणि टकटक थांबून एक बारीक किरकिर सुरू झालेली. त्यानंतर आम्ही त्या लाल अक्षरांच्या दुकानात गेलो. तिथल्या दादांनी ‘ताई, फर्मवेअर अडकलंय, आमचं सॉफ्टवेअर ते बायपास करतं’ असं सांगून पंधराशे रुपये ॲडव्हान्स घेतले, दोन दिवस ड्राइव्ह चालू ठेवला आणि तिसऱ्या दिवशी ‘नाही जमलं’ म्हणून परत दिला. ॲडव्हान्स परत मिळाला नाही, हे सांगायला नको.

हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या बॅगेत आत्ता असाच एक ड्राइव्ह असेल म्हणून हे लिहितेय. त्या ‘बायपास’मागे नेमकं काय असतं, हे मी नंतर महिनाभर डोकं घालून समजून घेतलं. माझं सरळ मत आहे, की कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर हार्ड ड्राइव्हचं फर्मवेअर बायपास करू शकत नाही. इथे ‘सहसा’ वगैरे काही नाही. त्या यंत्राची रचनाच तशी आहे. आणि ‘करतो’ म्हणून सांगणारा एक तर अडाणी आहे किंवा खोटारडा.

का ते सांगते. जुन्या पद्धतीची लायब्ररी आठवा, जिथे कपाटांपर्यंत आपल्याला जाऊ देत नाहीत. काउंटरवर चिठ्ठी भरायची, ती घेऊन एक मामा आत जातात आणि पुस्तक आणून देतात. आत कुठल्या कपाटात काय आहे, कुठला खण वाळवीने खाल्लाय, कुठली पुस्तकं दुसरीकडे हलवलीत, हे फक्त मामांना माहीत. हार्ड ड्राइव्हमधले हे मामा म्हणजे फर्मवेअर. ड्राइव्हच्या आत स्वतःचा प्रोसेसर असतो, स्वतःची मेमरी असते, आणि त्यावर चालणारा हा प्रोग्राम असतो. आपला कॉम्प्युटर आत काहीही बघू शकत नाही. तो चिठ्ठी देतो, अमुक नंबरचा सेक्टर आण. १ टीबीच्या ड्राइव्हमध्ये ५१२ बाइटचे असे १९५ कोटी ३५ लाख २५ हजार १६८ नंबर असतात. तो नंबर तबकडीवर प्रत्यक्षात कुठे आहे, कुठल्या बाजूवर, कितव्या वर्तुळात, हे कॉम्प्युटरला कळत नाही आणि कळण्याची सोयही नाही. नंबराचं जागेत भाषांतर फर्मवेअर करतं. कारखान्यातून निघतानाच तबकडीवर काही खराब जागा असतात, त्यांची एक यादी ड्राइव्हमध्ये असते. वापरताना नव्याने खराब झालेल्या जागांची दुसरी यादी. या दोन्ही याद्या सांभाळून मामा पुस्तक आणतात.

आता गंमत (म्हणजे त्या दिवशी गंमत वाटली नव्हती) अशी, की या मामांची स्वतःची वहीच आतल्या कपाटात ठेवलेली असते. फर्मवेअरचा छोटा भाग सर्किट बोर्डवरच्या चिपमध्ये असतो आणि उरलेला मोठा भाग तबकडीवरच, सर्व्हिस एरिया नावाच्या राखीव पट्ट्यात. ड्राइव्ह सुरू झाला की आधी चिपमधला भाग जागा होतो, तबकडी फिरवतो, हेड तबकडीवर नेतो आणि सर्व्हिस एरियामधून बाकीचं स्वतःला वाचून घेतो. तेव्हा कुठे ड्राइव्ह ‘मी तयार आहे’ असं कॉम्प्युटरला सांगतो. हेडला इजा झाली असेल तर ते वाचनच होत नाही. हेड शोधत जातं, काही सापडत नाही, परत मागे येतं, पुन्हा जातं. ती टकटक म्हणजे हीच फेरी. आतला माणूस स्वतःची वही शोधतोय आणि आपण काउंटरवर उभं राहून चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या देतोय. आमच्या सॉफ्टवेअरने त्या रात्री नेमकं हेच केलं.

मग रिकव्हरी सॉफ्टवेअर बायपास कशाला करतं? करतं, पण दुसऱ्याच गोष्टीला. विंडोजला. लायब्ररीतली कार्डं लावलेली खणांची पेटी आठवतेय? फाइल सिस्टिम म्हणजे ती पेटी. फाइल डिलीट केली की बहुतेक वेळा कार्ड फाटतं, पुस्तक जागेवरच असतं. पेन ड्राइव्ह चुकून क्विक फॉरमॅट झाला की आख्खी पेटी जाते, पण पुस्तकं असतात. अशा वेळी सॉफ्टवेअर कार्डांच्या नादी न लागता एक नंबरपासून शेवटच्या नंबरपर्यंत ओळीने चिठ्ठ्या देतं आणि आलेल्या प्रत्येक पानावर बघतं, की हा फोटोचा पहिला भाग दिसतोय का, हा व्हिडिओचा. फोटोरेक हे फुकट सॉफ्टवेअर हेच काम करतं आणि फार छान करतं. माझ्या मावसबहिणीच्या हळदीचे फोटो मी स्वतः त्याने कार्डावरून परत काढलेत. जाहिरातीत ‘डायरेक्ट डिस्क ॲक्सेस’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच. ऑपरेटिंग सिस्टिमची मधली खोली ओलांडून आम्ही सरळ काउंटरवर येतो. काउंटरच्या आत नाही. पण दुकानाच्या काचेवर चिकटेपर्यंत ‘विंडोज बायपास’चं ‘फर्मवेअर बायपास’ होतं, आणि तिथे फसवणूक सुरू होते.

या थापेला एक जुना आधारही आहे बरं का. १९८० साली सीगेटने एसटी-५०६ नावाचा ५ एमबीचा ड्राइव्ह आणला. (५ एमबी! आज एक फोटोही मावणार नाही.) त्या काळात ड्राइव्ह हे तसं बिनडोक यंत्र होतं. त्याला चालवणारा कंट्रोलर कॉम्प्युटरच्या आत वेगळ्या कार्डावर असायचा. हेड एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे, हे बाहेरून सांगितलं जायचं. त्यामुळे तेव्हाच्या सॉफ्टवेअरला तबकडीच्या बरंच जवळ जाता यायचं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतर आयडीई आलं, कंट्रोलर उचलून ड्राइव्हच्या पोटात गेला आणि तो दरवाजा बंद झाला. आपल्या जन्माच्या कितीतरी आधी! तरी ‘लो लेव्हल’ हा शब्द अजून असा वापरतात, जणू दरवाजा उघडाच आहे.

इथे तुमच्यातला एखादा कॉम्प्युटर सायन्सवाला हात वर करेल. “पण फर्मवेअर तर सॉफ्टवेअरने बदलता येतं! २०१५ मध्ये कॅस्परस्कीने नव्हतं का सांगितलं?” बरोबर आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये कॅस्परस्कीने ‘इक्वेशन ग्रुप’ असं नाव दिलेल्या हेरगिरी करणाऱ्या टोळीबद्दल अहवाल दिला होता. बड्या कंपन्यांच्या हार्ड ड्राइव्हचं फर्मवेअरच बदलून टाकणारं हत्यार त्या लोकांकडे होतं. डिस्क फॉरमॅट करा, विंडोज नव्याने टाका, ते जागेवरच. म्हणजे मामांच्या जागी स्वतःचा माणूस बसवायचा. पण नीट बघा, हेही बायपास नाहीच. ड्राइव्ह कंपन्यांनी स्वतःच्या कारखान्यासाठी काही खास कमांड ठेवलेल्या असतात, त्या या लोकांना माहीत होत्या. आणि ते सगळं ठणठणीत ड्राइव्हवर चालतं. मामा धडधाकट असतील तरच त्यांच्या कानात काही सांगता येतं. आजारी पडल्यावर त्यांना लाच देऊनही उपयोग नाही.

मग खऱ्या लॅबवाले काय करतात? आमचा ड्राइव्ह शेवटी ज्या लॅबमध्ये गेला, तिथल्या काकांनी मला एक तास स्टुलावर बसवून दाखवलं. त्यांच्याकडे पीसी-३००० नावाची यंत्रणा होती. त्यात कॉम्प्युटरमध्ये बसवायचं वेगळं कार्ड असतं आणि त्यासोबतचं सॉफ्टवेअर. नुसतं सॉफ्टवेअर नाही, हा मुद्दा. या यंत्रणेला निरनिराळ्या कंपन्यांच्या त्या खास कमांड कळतात. ती ड्राइव्हचा वीजपुरवठा स्वतःच्या ताब्यात ठेवते, अडकला की तोडते, पुन्हा देते. सर्व्हिस एरियातला बिघडलेला भाग वाचून दुरुस्त करते, किंवा ड्राइव्हच्या मेमरीत तात्पुरता दुसरा भाग भरते. काका म्हणाले, “बायपास कसला ताई, आम्ही त्याची मनधरणी करतो. त्याच्याशिवाय एक बाइट बाहेर येत नाही.” हेड मेलं असेल तर त्याच मॉडेलचा दुसरा ड्राइव्ह शोधायचा, धूळमुक्त जागेत त्याचे हेड काढून यात बसवायचे. तबकडी आणि हेड यांच्यातलं अंतर काही नॅनोमीटर असतं. आपला एक केस त्यापुढे डोंगर. आणि हेड बदलल्यावरही त्या हेडला हलवणार कोण? फर्मवेअरच. सर्किट बोर्ड बदलायचा म्हटला तरी जुन्या बोर्डवरची चिप काढून नव्यावर लावावी लागते, कारण त्या एका ड्राइव्हची खासगी मापं तिच्यात असतात. यूट्यूबवर बघून सेकंडहँड बोर्ड लावणाऱ्यांचं काम बरेचदा इथेच फसतं.

कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होती, त्या यानातली गोष्ट मला याच काळात कळली आणि डोक्यातून जाईना. १ फेब्रुवारी २००३ ला यान परत येताना फुटलं. त्याच्या अवशेषांत एक सीगेटचा जुना ड्राइव्ह सापडला, जळून काळा पडलेला, सील वितळलेलं, आत माती. त्यावर झेनॉन वायूच्या एका प्रयोगाची माहिती होती. क्रोल ऑनट्रॅक या कंपनीतल्या लोकांनी तबकड्या काढल्या, साफ केल्या, दुसऱ्या ड्राइव्हच्या सांगाड्यात बसवल्या आणि जवळपास ९९ टक्के माहिती परत मिळवली. २००८ मध्ये तो प्रयोग प्रसिद्धही झाला. आकाशातून पडलेल्या ड्राइव्हमधून ९९ टक्के आणि आमच्या टेबलावरून पडलेल्यातून? राग येतो ना? मलाही आला. पण फरक बघा. त्यांच्या तबकडीवर एक डाग नसलेला भाग शिल्लक होता आणि तो मिळाल्यावर कुणी त्याला रात्रभर ‘डीप स्कॅन’ लावला नव्हता.

उलटं टोकही आहे, जिथे यंत्र शाबूत असतं, डेटा शाबूत असतो आणि फक्त फर्मवेअर अडून बसतं. २००८-०९ मध्ये सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ या मालिकेत असंच झालं. ड्राइव्ह काल चालत होता, आज कॉम्प्युटर सुरू केला तर दिसेचना. फर्मवेअरमधली एक नोंदवही ठरावीक आकड्यावर पोहोचली असताना ड्राइव्ह सुरू झाला, की तो स्वतःतच अडकून बसायचा. तबकडी झकास, हेड झकास. ‘बायपास’वाल्या सॉफ्टवेअरसाठी याहून सोपी परीक्षा कुठली? सगळी नापास. कारण ड्राइव्ह दिसतच नाही तर चिठ्ठी देणार कुणाला? सुटका झाली ती वेगळ्या मार्गाने. हौशी लोकांनी ड्राइव्हच्या मागच्या पिनांना बारीक वायरी जोडल्या, सिरियल पोर्टवरून थेट फर्मवेअरशी बोलले, दोन-चार कमांड टाकल्या आणि ड्राइव्ह जिवंत झाले. म्हणजे तेव्हाही मामांनाच उठवावं लागलं. पुढे कंपनीने चूक मान्य करून नवं फर्मवेअर दिलं.

एसएसडीवाल्यांनी हसू नये. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई कंपनीने आपल्या सर्व्हरच्या काही एसएसडींबद्दल इशारा दिला होता, की फर्मवेअर अपडेट केलं नाही तर ३२,७६८ तास चालल्यावर त्या बंद पडतील. ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. (३२,७६८ म्हणजे दोनचा पंधरावा घात. कोडिंग करणाऱ्यांना हसू आवरणार नाही.) आणि बंद पडल्यावर डिस्कही परत येणार नाही, डेटाही नाही, हे कंपनीनेच लिहून दिलं होतं. एसएसडीत तर मामा बसल्या जागी पुस्तकं सतत हलवत असतात, म्हणजे कुठलंच कपाट लवकर झिजू नये. आणि डिलीट केल्यावर ट्रिम नावाच्या सोयीमुळे ती जागा रिकामी करूनही टाकतात. तिथे पुसलेलं परत आणण्याच्या शक्यता हार्ड ड्राइव्हपेक्षा खूपच कमी. फोनमध्ये त्यावर आणखी एनक्रिप्शन. ‘डिलीट झालेले फोटो परत आणा’ म्हणणारी ॲप बरेचदा तुमच्याच गॅलरीतली लहान थंबनेल शोधून तुम्हालाच दाखवतात आणि वर जाहिराती.

आता माझं खरं भांडण. सॉफ्टवेअरला मर्यादा असणं हा गुन्हा नाही. पण एका मर्यादेला ‘बायपास’चं लेबल लावून विकणं हा आहे, कारण इथे खोट्याची किंमत पैशांत मोजून संपत नाही. मोबाइलचं खोटं कव्हर घेतलं तर शंभर रुपये जातात. टकटक करणारा ड्राइव्ह ‘बघू, सॉफ्टवेअर लावून’ म्हणत दोन दिवस चालू ठेवला तर आत तबकडी खरवडली जाते, आणि तबकडीवरचा चुंबकीय थर म्हणजेच तुमचा डेटा. नंतर जगातली सगळ्यात भारी लॅब आणली तरी त्या भुकटीतून काही वाचता येत नाही. दुकानदाराचं नुकसान शून्य. ‘नाही जमलं’ म्हटलं की संपलं. तुम्हाला कधीच कळत नाही, की आधीच जमणार नव्हतं की याच्यामुळे जमलं नाही. म्हणूनच हा धंदा चालतो.

आणि आपण त्यात का सापडतो हेही बोलू. पैसा. लॅबने आम्हाला २६ हजार सांगितले होते. माझ्या मेसचं कित्येक महिन्यांचं बिल. पंधराशेवाल्याकडे आम्ही मूर्ख म्हणून गेलो नाही, पंधराशेच होते म्हणून गेलो. ‘बॅकअप घ्यायला काय होतं?’ असं नंतर सगळ्यांनी विचारलं. सरांनी, घरच्यांनी, ज्याने क्रॅक दिलं त्या सीनियरनेसुद्धा. होतं काय, तर दुसरा ड्राइव्ह चार-पाच हजारांचा असतो आणि आमचं वारीतलं एका आठवड्याचं खाणं तेवढ्यात झालं असतं. (झालं नाही, दिंड्यांनीच जेवू घातलं, ती गोष्ट वेगळी.) मला वाटतं, जी कॉलेजं डॉक्युमेंटरीला शंभर मार्क ठेवतात, कॅमेरा, ट्रायपॉड, लेपल माइक सही करून देतात, त्यांनी एक सामाईक सर्व्हर ठेवायला हवा. प्रत्येक ग्रुपला प्रोजेक्ट जमा होईपर्यंत तिथे जागा. आमच्या डिपार्टमेंटला मी तसं पत्र दिलंय. ‘विचार करू’ असं उत्तर आलंय.

तोवर काय? ड्राइव्ह पडला, आवाज बदलला, आकार भलताच दाखवायला लागला, तर पहिलं काम म्हणजे वायर काढा. ‘फक्त एकदा बघतो’ म्हणून परत लावू नका. आवाज नाही, पडलेला नाही, फक्त फाइल उडाल्यात किंवा फॉरमॅट झालाय, तर सॉफ्टवेअर जरूर वापरा. पण त्याच ड्राइव्हवर इन्स्टॉल करू नका आणि सापडलेलं त्याच ड्राइव्हवर सेव्हही करू नका. काही जागा खराब असतील पण ड्राइव्ह नीट ओळखला जात असेल, तर जीएनयूचं डीडीरेस्क्यू हे फुकट सॉफ्टवेअर आधी आख्ख्या ड्राइव्हची नक्कल करतं, सहज वाचता येणारं आधी घेतं, अडलेल्या जागा शेवटी. नंतरचे सगळे प्रयोग नकलेवर. ते वापरायला थोडं शिकावं लागतं, एखाद्या लिनक्सवाल्या मित्राला चहा पाजा. आणि कुठल्याही दुकानात गेलात तर एकच प्रश्न विचारा: “दादा, हेड गेलं असेल तर तुम्ही काय करता?” उत्तरात पुन्हा सॉफ्टवेअरचं नाव आलं तर ड्राइव्ह उचला आणि निघा.

आमचं काय झालं ते राहिलंच. पार्टनरच्या बाबांनी आणि माझ्या आईने मिळून २६ हजार दिले. काकांनी हेड बदलले. तबकडीच्या एका बाजूवर ओरखडे होते, दुसरी ठीक. वाटलं, चला, निम्मं तर मिळालं. पण ड्राइव्ह मोठी फाइल एकाच बाजूवर लिहीत नाही. थोडी या बाजूवर, थोडी त्या बाजूवर अशी पुढे जात राहतो. त्यामुळे व्हिडिओच्या मोठमोठ्या क्लिप सगळ्या तुकड्यातुकड्यांत आल्या, बऱ्याच उघडल्याच नाहीत. छोट्या फाइल्स सुटल्या. फोटो आणि वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाज. मी काकांना विचारलं, पडल्या पडल्या बंद केला असता तर? ते म्हणाले, “नक्की कुणीच सांगू शकणार नाही ताई. पण ओरखडे पडल्यावर फार वेळ फिरलाय तो.” शेवटी फिल्म स्थिरचित्रांवर आवाज लावून झाली. वाखरीजवळ पहाटे तीन वाजता टँकरच्या टायरला टेकून बोलणारे एक माऊली आहेत त्यात. त्यांचा फक्त आवाज आहे. चेहऱ्याचा शॉट गेला.

परवा या लेखासाठी मी त्या लाल अक्षरांच्या दुकानात परत गेले. दादांनी मला ओळखलं नाही. काचेवरची ओळ तशीच होती. मी सरळच विचारलं, “दादा, फर्मवेअर खरंच बायपास होतं का हो?” त्यांनी जरा माझ्याकडे बघितलं, मग हसले.

“तसं नसतं हो ताई. पण लोक येऊन तेच विचारतात, म्हणून तेच लिहिलंय.”